फिरतंय, पण तापंना!

जुलैमध्ये कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात जा, बैठकीच्या खोलीत पाहुण्याच्या आधी कपडे येऊन बसलेले असतात. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, दाराच्या कडीला शाळेचा गणवेश, पंख्याखाली आडव्या-उभ्या दोऱ्या. राधानगरीचे किती दरवाजे उघडले आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, यांच्या जोडीनं ‘जीन्स वाळली का’ ही चौकशीही रोज होते. पूर्वी तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर वाळवायचे. आता शेगडी गेली, डालगं गेलं आणि काही घरांत कपडे वाळवायचं मशीन आलं. त्याच्याबरोबर एक नवी तक्रारही आली.

“भावजी, मशीन नुसतं गरागरा फिरतंय, तापंना झालंय. तासभर फिरवलं, कपडे हाय तसं वलं!” राजारामपुरीतल्या वहिनींचा फोन.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या दुसऱ्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो. त्यात हीटर नसतोच. तो कपडे जोरात फिरवून पिळतो, एवढंच. तो तापत नाही म्हणून मिस्त्रीला बोलावू नका. वहिनींचं मशीन वेगळं. त्यात ड्रम फिरतो, मागून हीटरवर तापलेली हवा आत येते, कपड्यांतलं पाणी उचलते आणि पाईपवाटे खिडकीबाहेर जाते.

हीटर बंद पडला की आपल्याकडे पंचाईत जास्त होते, त्याचं कारण हवेत आहे. २५ अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम २३ ग्रॅम वाफ सामावून घेते. तीच ६० अंशांपर्यंत तापवली की १३० ग्रॅमच्या आसपास. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हीटरशिवायही कपडे उशिरा का होईना वाळतील. पण पावसाळ्यात हवा आधीच पाण्यानं भरलेली. ती कपड्यांतलं आणखी कुठून उचलणार? शिवाय पाच किलो सुती कपडे मशीननं पिळले तरी अडीच-तीन लिटर पाणी धरून ठेवतात. त्याची वाफ करायला दोन युनिट वीज तर हिशेबानंच लागते, मशीन त्याहून जास्त खातं. ती उष्णता मिळाली नाही, तर ड्रम दिवसभर फिरला तरी उपयोग शून्य.

वहिनींकडे जो मिस्त्री आला, तो उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हात बसलेला पोरगा. त्यानं पाना काढण्याआधी प्रश्न काढले. “काकी, बटण कुठल्या खुणेवर हाय? गार हवेवर तर न्हाई? आणि कपडे कवा चाचपून बघितलं, मधी का शेवटाला?” प्रश्न साधे, पण नेमके. बहुतेक मशिनं शेवटची काही मिनिटं मुद्दाम गार हवा सोडतात. तेव्हा हात घातला तर चांगलं मशीनही गारच लागणार. वहिनींनी मधेच दार उघडून पाहिलं होतं, तेव्हाही गार. मग पोरानं प्लग काढला, मशीन पुढं ओढलं आणि मागचा पत्रा खोलला.

आत नायक्रोमच्या तारेचं वेटोळं. त्याच्या दोन टोकांना त्यानं मल्टिमीटरच्या काड्या लावल्या. आकडा आला २४ ओहम. म्हणजे २३० व्होल्टला साधारण २,२०० वॅटचा हीटर, ठणठणीत. तार तुटली असती तर मीटरनं आकडाच दाखवला नसता. मग शेजारचा बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज. त्याला काड्या लावल्या तर मीटर मुका. बीप नाही, काही नाही. “ह्यो गेलाय,” पोरगा म्हणाला.

वहिनींना वाटलं, आता नवा फ्यूज घालेल आणि मोकळा होईल. पण तो खिडकीकडे गेला. मशीन भिंतीला रेटून ठेवल्यामुळे मागचा पाईप चेपला होता. त्यानं तो सोडवून फरशीवर झटकला, तर आतून ओल्या कापसाचा राखाडी बोळा पडला. टॉवेल-चादरींची झडलेली लव, जाळीतून निसटून तिथं थापली गेलेली. “हवेला वाटच न्हाई काकी. गरम हवा आतच कोंडली, म्हणून फ्यूजनं जीव दिला. नुसता फ्यूज बदलला तर परत बोलावशीला.”

मला त्या पोराचं हे बोलणं त्याच्या मीटरपेक्षा मोलाचं वाटलं. फ्यूज हा रोग नव्हता. त्यानं जळून मशीन वाचवलं होतं.

हीच गोष्ट इचलकरंजीत मोठ्या मापात दिसते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला, पुढं मागांबरोबर सायझिंगचे कारखाने आले. सायझिंगमध्ये खळ दिलेलं ताण्याचं सूत वाफेवर तापलेल्या सिलिंडरांवरून जात वाळतं. कधीकधी सिलिंडर व्यवस्थित फिरतो, बॉयलरचा दाबही बरोबर असतो, तरी सूत ओलंच बाहेर येतं. जाणता कामगार तिथं बॉयलरमधली आग वाढवत नाही, आधी स्टीम ट्रॅप पाहतो. ट्रॅप तुंबला की निवलेल्या वाफेचं पाणी सिलिंडरमध्येच साचतं आणि उष्णता सुतापर्यंत नीट पोचत नाही. घरातलं मशीन असो की कारखान्यातला सिलिंडर, वाळवणाचं निम्मं काम आत आणलेली उष्णता करते आणि निम्मं बाहेर जायची मोकळी वाट.

तुमचंही मशीन असंच नुसतं फिरत असेल, तर मिस्त्रीला फोन करण्याआधी बटणाची खूण पाहा, जाळी साफ करा, पाईप चेपलेला किंवा तुंबलेला नाही ना ते बघा. प्लग १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर एवढा हीटर चालवू नये. व्होल्टेज पडत असेल तर तेही मोजून घ्या. १८० व्होल्टला मोटार फिरत राहते, पण हीटरची ताकद ६० टक्क्यांच्या आसपास उरते. एवढं करूनही गारच राहिलं, तर फ्यूज, थर्मोस्टॅट, हीटरची तार किंवा बोर्डावरचा रिले. आणि ते जाणकाराचं काम. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा तळमजल्यावरची किती तरी मशिनं पाण्यात बुडाली. अशा मशीनचा प्लग तर ते उघडून, वाळवून, तपासून घेतल्याशिवाय लावूच नये.

आणखी एक. आपल्याकडे किटकॅटचा फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणारे हुशार लोक गल्लोगल्ली आहेत. तोच उद्योग मशीनच्या थर्मल फ्यूजवर करणारेही भेटतात: दोन वायरी जोडल्या, टेप मारली, झालं चालू. मशीन तापतं, कपडे वाळतात, पैसेही वाचतात. पण मागं कापूस साचलेला, हवा कोंडलेली आणि थांबवणारं कुणी उरलेलं नाही; असं मशीन म्हणजे घरात पेट घ्यायला तयार असलेली वस्तू. कुणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि जाळी प्रत्येक वेळी कपडे काढल्या काढल्या साफ करा. त्याला मिनिटभर लागतं आणि मिस्त्री लागत नाही.