बिराजदारांनी सतपालला हरवलं, पण पुढं काय झालं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण लातूर-नांदेडच्या माणसानं सवडीनं का होईना, पूर्ण वाचावी.

निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव. हा गडी १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाला. दुसऱ्याच वर्षी, १९७० ला, एडिंबरातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं देशासाठी सुवर्णपदक आणलं. आणि १९७७ ला बेळगावात दिल्लीच्या सतपालला हरवलं. सतपाल म्हणजे त्या काळातलं देशातलं सगळ्यात मोठं नाव. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ह्या कुस्तीबद्दल विचारून बघा, डोळे चमकतात का नाही ते.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. जयंतीला, जत्रेला, भाषणात तीच सांगतो. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. पैलवानाची लढायची वर्षं दहा-पंधरा. नंतरची तीस-चाळीस वर्षं त्यानं काय करायचं?

सतपाल थांबले ते १९८२ च्या आशियाई स्पर्धेतलं सोनं घेऊन. पुढं ते दिल्ली सरकारच्या नोकरीत राहिले आणि १९८८ पासून छत्रसाल स्टेडियममध्ये पोरांना शिकवू लागले. स्टेडियम सरकारी आणि त्यांच्याच शहरात. तिथून सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया निघाले. तिघांकडंही ऑलिम्पिक पदक आहे.

बिराजदार वस्तादांनीही पुढं तेच काम केलं. पण कुठं? पुण्यात, गोकुळ वस्ताद तालमीत. सप्टेंबर २०११ मध्ये वारले तेही पुण्यातच. केंद्राचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला, मान मिळाला. पण त्यांच्या हाताखाली शिकायचं तर लातूरच्या पोरालाही तीन-साडेतीनशे किलोमीटर लांब जावं लागायचं.

आणि शिकवणं कसलं होतं बघा. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांचे शिष्य. आंतरराष्ट्रीय पैलवान, अर्जुन पुरस्कार मिळवलेले. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे पण त्यांचाच. वस्ताद गेल्यावर राहुल काका पवारांकडं राहिला. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सोनं जिंकलं आणि ते बिराजदार वस्तादांना अर्पण केलं. गुरूचं सोनं १९७० चं, शिष्याचं २०१८ चं. मधी ४८ वर्षं. गुरू मराठवाड्याचा, शिष्य मराठवाड्याचा, तालीम मात्र पुण्याची.

जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची फायनल आठवा. हर्षवर्धन सदगीर विरुद्ध आपला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. जिंकल्यावर सदगीरनं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं, तो फोटो सगळ्यांनी शेअर केला. लातूरचा पैलवान, लातूरचेच वस्ताद, आणि भेट कुठं? पुण्याला.

कुणी म्हणेल, मग काय बिघडलं? पुण्याला जाऊन का होईना, पोरं मोठी झाली ना?

झाली. पण जी जाऊ शकली ती. दहा-बारा वर्षांचं पोरगं परगावी ठेवायचं म्हणजे खोली, मेस, दूध, तूप, बदाम, वर स्पर्धेचा प्रवास. सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घराला हे किती दिवस झेपणार? आणि पोरीचं काय? अंगात कितीही रग असली तरी बारा वर्षांची पोरगी एकटी पुण्याला पाठवणारे आई-बाप किती निघतील? ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत ते पोचलेले. न पोचलेल्यांची यादी कुणाकडंच नाही.

खरी गंमत पुढंच आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं लातूरला येतात. लातूर पॅटर्न काय आकाशातून पडला नाही. चांगले मास्तर एका गावात टिकले, त्यांना काम मिळालं, पैसा मिळाला, म्हणून तो उभा राहिला. कुस्तीचे मास्तरही ह्याच मातीतले होते. ते टिकावेत म्हणून आपण काय केलं?

सरकार काहीच करत नाही असं पण नाही. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राहुल आवारे पोलिसात डीवायएसपी झाला, अभिमानच आहे. पण आयुष्यभर जे शिकला ते पोरांना द्यायला त्याला वेळ कुठनं मिळणार? खेळाडूला नोकरी देणं वेगळं आणि त्याच्या विद्येला काम देणं वेगळं.

म्हणून मागणी साधी आहे. लातूरला एक आणि नांदेडला एक, मॅटचा बारमाही हॉल पाहिजे. पोरांचं आणि पोरींचं वेगळं वसतिगृह पाहिजे. आणि आंतरराष्ट्रीय खेळलेल्या मराठवाड्याच्या माणसासाठी तिथं पगारी प्रशिक्षकाचं पद पाहिजे, मानधनाचं तात्पुरतं नको. माळेगावच्या यात्रेत दंगल बघायला एवढी गर्दी लोटते, म्हणजे नांदेडला कुस्तीची आवड शिकवायची गरज नाही. आवडीला छप्पर पाहिजे.

एक इशारा पण देतो. त्याच छत्रसालमध्ये २०२१ ला एका तरुण पैलवानाला मारहाण झाली, तो जीवानिशी गेला आणि सुशील कुमारला अटक झाली. सगळं एका नावाभोवती फिरलं की असं होऊ शकतं. म्हणून माणूस मोठा आणा, पण नियम, हिशोब आणि तक्रारीची सोय त्याच्याहून मोठी ठेवा.

हा प्रश्न एकट्या कुस्तीचा पण नाही. पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला २०२४ मध्ये देशाचा झेंडा धरणाऱ्या दोघांत आपल्या नांदेडची भाग्यश्री जाधव होती. उद्या ती खेळायची थांबल्यावर तिच्याकडून शिकायला पोरी कुठं जाणार, नांदेडला का पुण्याला? हे आत्ताच ठरवावं लागतं, सत्काराच्या दिवशी नाही.

पुढच्या वेळी नेते मत मागायला किंवा दंगलीत फेटा बांधून घ्यायला आले, की एवढंच विचारा: साहेब, बिराजदारांच्या जिल्ह्यात मॅट कुठंय आणि शिकवायला कोण आहे?