कामावर जाणारी सायकल

पुणे एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात असे, त्यामागे हौसेपेक्षा कारखाने, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्याकडे होणारी सामान्य माणसांची रोजची ये-जा अधिक होती. स्कूटर आणि मोटारसायकल आवाक्यात आल्यावर ही सवय ओसरली, हे खरे; परंतु शहर लांबवर पसरले आणि रस्ते सायकलस्वाराला धोक्याचे झाले, हे कारणही तितकेच मोठे आहे. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने 2006 मध्ये रस्त्याच्या जागेची वाटणी वाहनांऐवजी माणसे डोळ्यांसमोर ठेवून करण्याचे तत्त्व मांडले, आणि त्याच सुमारास पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेली वाहतूक व्यवस्था, सुरू होताना तिच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. त्यांचा खरा दोष सलगतेचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याला विनाखंड जोडला जाण्याचा, अभाव हा आहे. कारण जिथे अपघाताचे भय सर्वाधिक, त्या चौकातच मार्ग संपतो आणि उरलेल्या पट्ट्यावर वाहने उभी राहतात.

चर्चा मात्र बहुतेकदा रविवारच्या सायकलफेरीभोवती फिरते, आणि रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक किंवा बांधकामावर निघालेला गवंडी, ज्याला सायकलीवाचून पर्याय नाही, तो या चर्चेबाहेर राहतो, ही बाब क्लेशदायक आहे. सायकलमार्गांची मोजणी किलोमीटरांऐवजी सुरक्षितपणे ओलांडता येणाऱ्या चौकांत झाली, तर नियोजनाचा प्राधान्यक्रम याच माणसांपासून सुरू करावा लागेल.