ठपका एकट्या गवंड्यावर नको



स्वयंपाकघरातल्या टाइल्स सुटतात त्या गवंड्याच्या हलगर्जीमुळेच, हे गेल्या अंकातील पत्रातले मत मला मान्य नाही. भोर-वेल्ह्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या. पावसाळाभर ओल धरतात. ती ओल न थांबवता वर टाइल्स चढवल्या, तर उत्तम कारागीरही काय करणार?

दुसरे, व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही; तिला अॅडहेसिव्हच लागते. ते महाग म्हणून नको म्हणणारे बहुधा घरमालकच असतात. काम पारखायचे तर चकाकी पाहू नका. माल सुकल्यावर नाण्याने प्रत्येक टाइलचे चारही कोपरे वाजवा; बद्द आवाज आला की खाली पोकळी आहे. मोरीत तांब्याभर पाणी ओता, ते थेट जाळीकडे गेले पाहिजे. हे सगळे गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी करायचे.

त्याच पत्रातला जुनी शहाबादी फरशी उखडण्याचा सल्ला तर मला अजिबात पटला नाही. ओल्या पायांनी वावरताना गुळगुळीत टाइलपेक्षा तीच बरी. फरशी सपाट असेल तर घासून पॉलिश करून घ्या. ओट्याला मात्र ग्रॅनाइट घ्यावा. कारण शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचे पाणी सांडले की डाग पडतो आणि तो पुसून जात नाही.

– एक वाचक, भोर