बाहेरची चिठ्ठी



ऑक्टोबर 2023. नांदेडच्या शंकरराव चव्हाण सरकारी दवाखान्यात 24 तासांत 24 माणसं मेली. त्यात 12 नुकती जन्मलेली पोरं. नातेवाईक बोंबलत होते, औषधं बाहेरून आणायला लावली. सरकार म्हणे, तुटवडाच नव्हता! खासदारानं डीनकडून संडास साफ करून घेतला. संडास धुतल्यानं कपाटात औषध येतं काय रे?

हमालाचा रोज मेडिकलवाल्याच्या गल्ल्यात जातो. उरलेल्या गोळ्या परवडत नाहीत, पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत तुटतो. मग जंतू माजतात, औषधाला जुमानत नाहीत. आणि वर आपल्यालाच अडाणी म्हणतात!

आता गप बसायचं नाही. चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं नाव लिहून मागा. बाहेरची चिठ्ठी दिली तर 'दवाखान्यात नाही' असं लिहून सही घ्या. ती सहीच उद्याचा पुरावा!