पाहुणे आलेले चित्र

पवित्र चित्राची जागा ख्रिस्तमंदिरात. ते तीन-चार महिन्यांसाठी विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात टांगणे म्हणजे भक्तीची जत्रा भरवणे होय, असे म्हणणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

काराव्हाज्जोचे ‘ख्रिस्ताला अटक’ हे चित्र पाहा. १६०२ साली रोममध्ये त्याने ते रंगवले, ते वेदीसाठी नव्हे, तर चिरियाको मात्तेई या धनिकाच्या वाड्यासाठी. कालांतराने खऱ्या कर्त्याचे नाव विस्मरणात गेले आणि चित्र हॉन्टहॉर्स्ट या डच चित्रकाराच्या नावावर जमा झाले. १९३० च्या दशकात ते डब्लिनच्या येशूसंघीय धर्मगुरूंना भेट मिळाले आणि त्यांच्या भोजनगृहात लागले. नित्य प्रार्थना करणारी ती विद्वान मंडळी पन्नासहून अधिक वर्षे त्याच्यासमोर जेवली. पण काळवंडलेल्या त्या रंगांखाली काय दडले आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. १९९० मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनातील सर्जिओ बेनेदेत्ती यांनी ते ओळखले आणि १९९३ मध्ये ते लोकांपुढे आले.

१९९९ च्या फेब्रुवारी ते मे या काळात हेच चित्र अमेरिकेतील बोस्टन कॉलेज या येशूसंघीय विद्यापीठाच्या मॅकमलन संग्रहालयात ‘संत आणि पापी’ या प्रदर्शनात पाहुणे म्हणून आले. सोबत त्या युगातील इतर धार्मिक चित्रे होती, अभ्यासकांच्या लेखांचा ग्रंथही निघाला. याला जत्रा म्हणावे काय? जे रोज समोर असते, ते नजरेआड होते. पाहुण्याला मात्र आपण निरखून पाहतो, कारण तो जाणार हे ठाऊक असते. प्रदर्शनाचे तात्पुरतेपण हा त्याचा दोष नव्हे. तेच त्याचे बळ आहे.

हा पैसा गोरगरिबांना का देऊ नये, असेही विचारले जाते. गरिबांचा हक्क कोण नाकारील? परंतु बेथानीत सुगंधी तेलावरून हाच प्रश्न निघाला होता. तो कोणी विचारला, हे वाचकांना सांगायला नको. या चित्रात प्रभूला मिठी मारणारा तोच आहे.

चित्राच्या उजव्या बाजूस एक माणूस कंदील उंचावून उभा आहे. तो स्वतः काराव्हाज्जोच, असे अभ्यासक मानतात. विद्यापीठाचे काम एवढेच: कंदील धरणे. त्या उजेडात प्रभूला ओळखायचे, की शिपायांच्या गर्दीत मिसळून जायचे, याचा निर्णय पाहणाऱ्याने घ्यायचा आहे. कंदीलच विझवा, असे म्हणण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.