गोळ्याच्या पाठीमागची हवा

नांदगाव खंडेश्वराच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवरून उन्हाळ्यात धुरळा उडवीत येणाऱ्या एस. टी.च्या मागच्या काचेवर धुळीचे जे जाड पुट चढते, ते ज्या कारणाने चढते बव्हंशी त्याच कारणाने तोफेच्या गोळ्याचा पल्लाही घटतो, ही गोष्ट आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता यावी, असे माझे मत आहे.

गोळ्याच्या बुडाच्या काठाशी हवेला काटकोनात वळता येत नाही. ती पृष्ठभागापासून सुटते आणि मागे कमी दाबाची, भोवऱ्यांनी भरलेली जागा उरते. ध्वनीच्या दुप्पट-अडीचपट वेगाला हा दाब इतका उतरतो की, एकंदर अवरोधाचा मोठा हिस्सा या बुडाशीच उत्पन्न होतो. म्हणून बुडात सावकाश जळणारे इंधन बसवून त्याचा वायू त्या जागेत सोडतात. तो गोळ्याला फारसा ढकलीत नाही, दाब तेवढा सावरतो. पुण्यात पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेने घडविलेल्या १५५ मिलिमीटर तोफेने २०१७ साली ४७ किलोमीटरांपलीकडे मारा केला, तो अशाच गोळ्यांनी.

मोजू जावे तर मात्र मोठी गमतीची अडचण येते. वातबोगद्यात प्रतिकृतीला सामान्यतः मागून दांडी लावून धरतात, आणि जो प्रदेश पाहावयाचा तोच त्या दांडीने बिघडतो! अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील डटन प्रभृतींनी १९९० नंतरच्या दशकात दंडगोलाला प्रवाहाच्या वरच्या अंगाने आधार दिला, मागे काहीही ठेवले नाही, आणि हवेत सोडलेल्या सूक्ष्म कणांचे वेग लेसरने टिपले.

अंबाझरीला गोळ्यांची पोलादी कवचे, चांद्याला भरती, पुलगावला साठा, असा हा जिन्नस वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर वावरत असता त्याच्या मागची हवा आम्हांला अपरिचित राहावी, हे मला खटकते. गोपनीयतेची सबब येथे चालणार नाही. माख आणि साल्खर यांनी बंदुकीच्या गोळीभोवतीच्या आघाततरंगांचे छायाचित्र १८८७ सालीच प्रसिद्ध केले होते. शस्त्राविषयी ज्यांना अरुची आहे, त्यांनी अग्निबाणाच्या बुडाशी हाच प्रश्न उभा राहतो, हे ध्यानात घ्यावे.

१९६४ पासून चालू असलेल्या अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी माझी तजवीज लहानशीच आहे : दाबलेल्या हवेची टाकी, काही सेकंद चालणारा बोटभर रुंदीचा बोगदा, अंतर्गोल आरसा, दिवा आणि वस्तऱ्याचे पाते. एवढ्यावर ते तरंग पडद्यावर उमटतात. मंजुरीचा कागद कचेऱ्यांतून फिरेल तेव्हा फिरो. निविदेत प्रतिकृतीचा आधार पुढल्या अंगाने असावा, ही अट तेवढी आताच घालून ठेवावी.