पत्ते उरले, डाव मोडला

सावंतवाडीच्या राजवाड्यात येणारा पर्यटक गंजिफांचा संच कौतुकाने पाहतो, किंमत विचारतो आणि परवडली तर विकतही घेतो. लाखेची चकाकी असलेले ते वाटोळे पत्ते आणि त्यांवर रंगविलेले मत्स्य-कूर्मादी अवतार मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर शोभून दिसतात. ‘हे खेळतात कसे?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच, तर त्याचे पुरते उत्तर देऊ शकणारी माणसे आज साऱ्या सिंधुदुर्गात किती निघतील, याविषयी शंका बाळगणे भाग आहे.

वस्तुतः हा खेळ अवघड असला तरी अगम्य नाही. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. तिघांत वाटली की प्रत्येकी ४०. हुकूम नाही. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत नेमके उलट. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती येईल त्याने सुरुवात करायची. दिवेलागणीनंतर तो मान कृष्णाकडे जातो. पडून गेलेली पाने ध्यानात ठेवणे हीच यातली खरी विद्या. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. मोगलांच्या गंजिफेत रंग आठ व पाने ९६ असत. आपल्याकडे तिने विष्णूचे दहा अवतार धारण केले. १९७१ च्या सुमारास, ही कारागिरी विझण्याच्या बेतात असताना, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिचा कारखाना उभा केला. त्यांचे हे ऋण जिल्हा कधीही नाकारणार नाही. परंतु जे वाचले तो पत्ता होता. डाव वाचला नाही. यात दोष कोणाचाच नाही. पत्त्याला गिऱ्हाईक मिळते, डावाला मिळत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण दुसरेच आहे. त्याच दहा अवतारांच्या नावाने चालणारा या भूमीचा दुसरा खेळ, म्हणजे दशावतार, आज त्याच वाटेला लागण्याचा धोका दिसतो.

दशावतार हे नाटक आहे असे म्हणणे अर्धेच खरे. नाटकाला संहिता लागते. दशावतारी कंपनीकडे ती नसते. जत्रेच्या रात्री देवळाच्या आडोशाला प्रत्येक नट आपले तोंड आपणच रंगवीत असतो. तेवढ्यात त्या रात्रीचे आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि पुढचे सारे संभाषण रंगभूमीवर तिथल्या तिथे जन्माला येते. साधने म्हणाल तर मागे एक पडदा, पुढे एक बाकडे, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. ते बाकडे राजा बसला की सिंहासन होते, नायिका कलंडली की शय्या होते, आणि युद्धात त्यावर पाय रोवला की पर्वताचे शिखरही होते. ही जादू बाकड्याची नव्हे. नट आणि प्रेक्षक यांच्यातील कराराची आहे.

या कराराची कलमे कोठे लिहिलेली नाहीत, पण ती काटेकोर आहेत. समोरच्याने जे बोलून ठेवले ते खोटे पाडायचे नाही, त्यावरच उत्तर रचायचे. कथेचा शेवट बदलायचा नाही: कीचक मरणारच, मात्र मरण्यापूर्वी त्याने किती वेळ वाद घालावा हे त्या रात्रीच्या रंगावर अवलंबून. एखादा तरुण नट बोलता बोलता अडचणीत सापडला तर अनुभवी नटाने प्रश्नातूनच त्याला वाट दाखवायची. देवांनी आणि राजांनी संस्कृतप्रचुर मराठी बोलायची; पूर्वरंगातल्या काळ्या वेषातील संकासुराने मात्र खुशाल मालवणीत गावच्या पुढाऱ्याची फिरकी घ्यायची, आणि पुढाऱ्याने पहिल्या रांगेत बसून हसायचे! (हे शेवटचे कलम अलीकडे सर्वत्र पाळले जातेच असे नाही.)

नेमकी हीच कलमे पाश्चात्त्य देशांत आता पुस्तकरूपाने विकली जातात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोवती मंडळी बसतात, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि कृती साधेल की फसेल हे फासे टाकून ठरते. पुढे काहींनी मेज सोडले आणि वेष चढवून रानावनात हाच खेळ मांडला. आज त्याची नियमपुस्तके, वीस पैलूंचे फासे आणि तलवारी-मुकुट यांची मोठी बाजारपेठ झाली आहे. डेन्मार्कमध्ये होब्रो येथे २००६ मध्ये अशा भूमिकाखेळांतूनच सर्व विषय शिकविणारी एक निवासी शाळाही निघाली. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेच्या आधारे शिक्षण देण्याचा पुरस्कार आहे. उद्या या जिल्ह्यातील शिक्षकांना भूमिकाखेळाचे प्रशिक्षण देण्यासाठी कोणी बाहेरून तज्ज्ञ आणले, तर त्या वर्गात बसलेल्या एखाद्या शिक्षकाचा भाऊ रात्री दुर्योधन रंगवून पहाटे घरी परतलेला असेल, ही शक्यता बरीच मोठी आहे.

मग धोका कोठे आहे? तो लोकप्रियतेच्या अभावात नाही. २०२५ मध्ये ‘दशावतार’ या नावाचा मराठी चित्रपट आला आणि कोकणाबाहेरही या कलेचा बोलबाला झाला. गर्दी होते, कंपन्या चालतात. धोका आहे तो ज्याला गावोगावच्या फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त’ म्हणतात त्या प्रकारात. धूर, दिव्यांचे झोत, उघडणारी गुहा, हवेतून अवतरणारी देवता: हे प्रेक्षकांना आवडते आणि त्यांच्या आवडीला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण यंत्राला ठरलेली वेळ लागते, आणि वेळ ठरली की संवादही ठरवावा लागतो. राक्षसाला अमुक मिनिटाला गुहेतून बाहेर यायचे असेल, तर त्याआधी दोन नटांत रंगलेला वाद मध्येच तोडण्यावाचून गत्यंतर नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच प्रयोगकलांची ही कोंडी दाखवून दिली होती. कारखान्यात दर वर्षी तेवढ्याच श्रमांत अधिक माल निघतो आणि मजुरी वाढते. वाद्यवृंदाला मात्र तीच रचना वाजवायला पूर्वीइतकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. खर्च वाढतो, उत्पादकता वाढत नाही. दशावतारालाही रात्र रात्रभरच लागते. अशा वेळी कंपनीचा मालक पैसा कोठे गुंतवील? जे विकत घेता येते, भाड्याने देता येते आणि फलकावर छापता येते, तेथेच. हजरजबाबीपणा फलकावर छापता येत नाही. शिवाय तो तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात. आधी किरकोळ भूमिका, मग स्त्रीपार्ट किंवा राक्षस, असे करत नट घडतो. आणि त्या काळात दिवसा शेती किंवा रोजगार करून रात्री जागण्याची त्याची तयारी असावी लागते.

सरकारी मदतीचेही तेच होते. महोत्सव, मंडप, वेषभूषा, सत्कार यांचा हिशेब लेखापरीक्षकाला दाखविता येतो. दोन वर्षे एखाद्या बुजुर्ग नटामागे हिंडणाऱ्या पोराला महिन्याला काही रक्कम द्यायची, तर त्याची पावती कशाची घ्यायची हा प्रश्न कार्यालयाला पडतो. तो प्रश्न सुटण्यासारखा आहे. संगीतातील गुरु-शिष्य परंपरेसाठी शिष्यवृत्त्या आहेतच. त्याच चौकटीत दशावतारी कंपन्यांतील उमेदवारांना बसविण्यास नवा कायदा लागत नाही. आणि हे साहाय्य कंपनीला नव्हे, तर थेट उमेदवाराला व त्याला शिकविणाऱ्याला मिळावे. एरवी त्यातूनही धुराचे यंत्रच येईल.

महाविद्यालयांना तर निधीची वाट पाहण्याचेही कारण नाही. मराठीच्या वर्गात एका ज्येष्ठ नटाला बोलावून, मुलांना आख्यान सांगून, कागद हाती न देता अर्धा तास बोलते करता येईल. ग्रंथालयात गंजिफांचा एक संच काचेच्या कपाटाबाहेर ठेवून, ज्या थोड्या वृद्धांना डाव येतो त्यांच्याकडून तो शिकून घेता येईल. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीची जत्रा भरते आणि मग मृगापर्यंत गावोगाव दशावतारी पखवाज घुमत राहतो. नेमक्या याच काळात महाविद्यालयांची दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते. वेळापत्रक आखताना जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला तास मोकळा ठेवण्याची सवलत द्यायला प्राचार्यांना विद्यापीठाची परवानगीही लागणार नाही.